सामाईक खाते

आईचे तेरावे उरकते, पंगती उठतात, गुरुजींची दक्षिणा चुकती होते, मांडववाला आपल्या सतरंज्या मोजून नेतो, आणि संध्याकाळी माजघरात जी भावंडे उरतात त्यांच्यापुढे, प्रत्येकाच्या मनात असलेला परंतु कोणाच्याही ओठावर न येणारा असा एक प्रश्न उभा राहतो : यापुढे आपण एकमेकांस भेटायचे ते कोणत्या निमित्ताने? आजवर निमित्त शोधावे लागत नव्हते. जो तो आईस भेटावयास येई आणि त्या भेटीत भावंडांची गाठ आपोआप पडे. हा अनायास लाभ म्हणजे एका मूळ भांडवलाचे व्याज होते, हे ते भांडवल नाहीसे झाल्यावरच ध्यानात येते.

सारी भावंडे एका गावी नांदत होती तोवर हा प्रश्न इतका बिकट नव्हता. भावाभावांत वैर असले तरी बांध एक, पाणवठा एक, ग्रामदैवत एक. अबोला धरायचा म्हटले तरी त्यासाठी एकमेकांसमोर यावे लागे. दूरदेशी असलेल्या भावंडांस अबोला धरण्याचेही कष्ट पडत नाहीत. एकाने फोन करावयाचे राहून जाते, दुसऱ्यास वाटते की तो कामात असेल, आणि कोणताही कलह न होता, कोणाचाही दोष नसता, चारपाच वर्षांत नाते निजून जाते. कलहाने तुटलेली भावंडे मी पुष्कळ पाहिली आहेत. पण या लेखाच्या निमित्ताने माणसांशी बोलताना असे दिसून आले की कलहाने तुटणाऱ्यांहून निमित्तावाचून सुटणाऱ्यांची संख्या मोठी असावी, आणि त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही, कारण त्यांच्या हकिकतीत सांगण्याजोगे असे काही घडलेलेच नसते.

रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यात, एक कुटुंब आहे. गावाचे व माणसांचे नाव देऊ नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे त्यांना दादा, ताई, भाऊ आणि धाकटा या घरगुती नावांनीच ओळखू. दादा कलमांची बाग व भाताचे चार कुणगे सांभाळून गावीच राहिले. ताई लग्न होऊन इंदुरास गेल्या त्यास आता चाळीस वर्षे होत आली. त्यांच्या बोलण्यात माळव्याचा हेल आला आहे आणि पोह्यांवर शेव पेरण्याची सवयही जडली आहे. भाऊ डोंबिवलीस असतात, बँकेतून निवृत्त झाले. धाकटा सिडनीस. वडील पुष्कळ वर्षांपूर्वी निवर्तले होते. आई अलीकडे गेली. तिच्या मागे राहिले ते एक कौलारू घर, बाग, कुणगे, परसातली एक विहीर आणि भाद्रपदातला घरचा गणपती.

"आई गेल्यावर महिन्याभरानं दादाला फोन करावासा वाटला," ताई सांगत होत्या, "तर माझ्याकडे दादाचा नंबरच नाही! इतकी वर्षं लावत होते तो आईच्या उशाशी असायचा त्या फोनचा. दादाशी बोलायचं तर आई हाक मारायची, मग तो अंगणातून यायचा, 'हां, बोल' म्हणायचा, आणि दोन वाक्यांत फोन परत आईकडे." दादांच्या मोबाइलचा क्रमांक त्यांना अखेर आपल्या भाच्याकडून मिळवावा लागला.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्या घरांतून भावंडांचा परस्पर व्यवहार असा फारसा कधी नव्हताच. जो होता तो आईबापांच्या मार्फत होता. या देशात पोस्टकार्ड १८७९ साली आले, मनीऑर्डर १८८० मध्ये, आणि आंतर्देशीय पत्र स्वातंत्र्यानंतर, १९५० साली. कोकणातील हजारो चुली मुंबईच्या चाकरमान्यांनी धाडलेल्या मनीऑर्डरींवर पेटत असत, आणि त्या फॉर्माच्या खालच्या तुकड्यावर मजकुरासाठी जी चार बोटे जागा राखलेली असे तीत एका कुटुंबाची सारी खबरबात दाटीवाटीने बसविलेली असे. पण पत्र असो वा मनीऑर्डर, नाव वडिलांचे अथवा आईचे. भावाने बहिणीला स्वतंत्र पत्र लिहावे असा प्रघात फार थोड्या घरांतून होता; शेवटच्या ओळीत 'सौ. ताईस आशीर्वाद कळविणे' एवढे घातले की त्याचे कर्तव्य संपे, आणि तो आशीर्वाद पोचविण्याचे काम आईकडे येई. मृत्यूची वार्ता कळविणाऱ्या कार्डाच्या माथ्यावर 'श्री' घालीत नसत आणि वाचून होताच ते फाडून टाकीत, हे ज्यांनी पाहिले ते लोक अजून हयात आहेत. पुढे दूरध्वनी आला. रात्री उशिरा दर उतरत म्हणून लोक गल्लीतल्या बूथवर रांगा लावून उभे राहू लागले. २०१३ च्या जुलैत तारखाते बंद झाले. साधने बदलली, परंतु वाट मात्र बदलली नाही : सर्व बोलणे आईपाशी जाई आणि तेथून फिरून ज्याचे त्याला मिळे.

आणि ते जसेच्या तसे मिळत नसे. आई जे पोचवी ते पारखून, निवडून, प्रसंगी पदरचे घालून पोचवी. डोंबिवलीच्या भाऊंनी एक दिवस हे मोठ्या मौजेने, पण किंचित खाली मान घालून सांगितले. "ताईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आई तिला म्हणाली होती, भाऊ रोज विचारतो हो तुझं कसं आहे. ताईनं ते परवा मला बोलून दाखवलं, डोळ्यांत पाणी आणून. मी काय सांगणार? मी एकदाही विचारलं नव्हतं. आईनं ते माझ्या तोंडी घातलं होतं." दादांचा राग भाऊंपर्यंत कधी आला नाही, भाऊंची कुरकुर सिडनीला पोचली नाही, धाकट्याने पाठविलेल्या पैशातून छपराची कौले बदलली त्याचे श्रेय तिने चौघांत वाटून दिले. आई गेल्यानंतर भावंडे एकमेकांशी प्रथमच परस्पर बोलू लागतात तेव्हा त्यांना जो अनोळखीपणा जाणवतो त्याचे कारण हेच, की आजवर ज्यांच्यावर त्यांनी माया केली ती माणसे निदान अंशतः तरी आईने रचलेली होती.

कॅनडातील समाजशास्त्रज्ञ कॅरोलिन रोझेंथल यांनी १९८५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. विखुरलेल्या आप्तांना एकमेकांच्या संपर्कात ठेवणे हे कुटुंबातील एक स्वतंत्र काम आहे, ते करणारी व्यक्ती बहुधा स्त्री असते, आणि तिच्या पश्चात ते पुष्कळदा तिच्या मुलीकडे जाते, असे त्यांना तिकडील कुटुंबांची पाहणी करताना आढळले. आपल्या घरांकडे वळून पाहिले तर पहिल्या दोन गोष्टी सहज पटतात. तिसऱ्या ठिकाणी मात्र वाट अडते. मुलगी तर परघरची झालेली. ज्या घरातून हे काम चालावयाचे त्या घरात आता राहते ती सून. आणि म्हणून, नणंदेच्या कोणत्याही तक्रारीत जिचे नाव पहिले येते, त्या वहिनीच्या हाती माहेरची किल्ली जाते.

वहिनीविषयी मराठी स्त्रीगीतांनी न्याय केलेला नाही असे माझे स्पष्ट मत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या, तो संग्रह कोणीही चाळून पाहावा. बंधुराजाचे कौतुक गाताना ओवी थकत नाही, आणि भावजयीचा विषय निघाला की तिच्या स्वरात संशय आल्यावाचून राहत नाही. भाऊ चांगला, पण तिने फिरविला. वस्तुतः माझ्या पाहण्यात ज्या घरांचे माहेरपण आईच्या मागेही टिकले त्यांपैकी बहुतेक घरांत ते वहिनीने टिकविले. भावाच्या हातून वैशाखात आंब्याची पेटी एसटीच्या पार्सलात चढते ती तिने चार वेळा आठवण केल्यावर, आणि पेटीत गवताखाली कोकमाची पुडी निघते ती तर तिने त्याला न विचारताच घातलेली असते. राजापूरच्या वहिनींना हे विचारले तेव्हा त्या चुलीपाशी बसून फणसाचे गरे सोडवीत होत्या. त्या म्हणाल्या, "वन्सं आल्या की मलाच बरं वाटतं. ह्यांच्याशी घरात बोलणार कोण? हे आणि कलमं!"

नात्याला निमित्त हवे, हे आपल्या पूर्वजांस ठाऊक असावे. नाहीतर भाऊबीजेस भावाने बहिणीच्या घरी जाऊन जेवावे असा दंडक त्यांनी घालून दिला नसता. सारे सण मुलीला माहेरी ओढतात. कार्तिक शुद्ध द्वितीया हा एकच दिवस असा की त्या दिवशी भावाला उठून बहिणीकडे जावे लागते, आणि त्यासाठी दाखला दिला तो प्रत्यक्ष यमाचा, ज्याला कामातून सवड नाही अशी सबब जगात सर्वांत शोभली असती. ज्यांचे भाऊ दूर, त्या बहिणी चंद्राला ओवाळतात. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेने या दिवसाचा धागा धरून भाऊबीज निधी गोळा करण्याची प्रथा पाडली, आणि कित्येक अपरिचित भावांनी ओवाळणी तेथे पोचविली, ही गोष्ट मला त्या सणाच्या साऱ्या कथांहून मोठी वाटते. पण हा विषय निराळा. आता ओवाळणी फोनवरून क्षणात जमा होते. मनीऑर्डरच्या तुकड्यावर निदान दोन ओळी तरी लिहाव्या लागत.

धर्मशास्त्राने निमित्ते पुरविली ती दादांसारख्यांना. मासिक श्राद्धे, वर्षश्राद्ध, मग दरवर्षी पितृपक्षातील तिथी : वर्षभर त्यांचे हात रिकामे राहत नाहीत. विवाहित मुलीस मातापित्यांचे अशौच मात्र तीन रात्रींचे सांगितले आहे. दहा दिवसांच्या सुतकात दादा बसले असता ताई चौथ्या दिवशी शुद्ध होऊन ओसरीवर मोकळ्या होत्या, आणि त्यांना काय करावे हे सुचत नव्हते. "सगळे काहीतरी करत होते," त्या म्हणाल्या. "मला कामच नव्हतं. मी इकडून तिकडे तांब्या नेऊन ठेवत होते."

धर्मशास्त्राने जिला तीन रात्रींत मोकळे केले तिला कायद्याने मात्र गुंतवून ठेविले आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने आईच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगा व मुलगी समान वारस ठरले. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस जन्मतः सहदायाद मानण्याचे पाऊल महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून टाकले, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट नाहीशी केली, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध आहे, २००५ साली बाप हयात असो वा नसो, असा निर्वाळा दिला. कायद्याची ही वाटचाल लोक मालमत्तेच्या अंगाने वाचतात, आणि ते योग्यच आहे. पण तिचे दुसरे अंग मला तहसील कचेरीत दिसले.

खातेदार मृत झाला म्हणजे १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावयाची. गाव नमुना सहा-क मध्ये वारसांची नोंद होते, मग फेरफार पडतो, हितसंबंधितांस नोटिसा निघतात, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, आणि हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हे कागदावर. प्रत्यक्षात पणजोबाच्या नावाचा सातबारा पणतू वापरीत असतो आणि त्यावाचून कोणाचे अडत नाही, जोवर कर्ज काढावयाचे नाही किंवा महामार्गाच्या रुंदीकरणाचा मोबदला यावयाचा नाही. हा साचलेला अनुशेष इतका मोठा, की २०२५ साली महसूल खात्याने मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी राज्यभर मोहीमच काढली आणि तिला नाव दिले 'जिवंत सातबारा'. बुलढाणा जिल्ह्यात तिचा आरंभ झाला होता. सरकारी नामकरणात सहसा न आढळणारी कल्पकता या दोन शब्दांत आहे हे कबूल केले पाहिजे.

कोकणातील एका तहसील कचेरीत सारी हयात घालविलेले एक अव्वल कारकून आता निवृत्त होऊन सुपारीची रोपे लावीत असतात. ते सांगत होते : "मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं घेऊन यायचे. मी म्हणायचो, सगळ्या वारसांचे पूर्ण पत्ते द्या. की झालं! भाऊ भावाकडे बघायचा. धाकट्या बहिणीचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही. मग माझ्या टेबलाशीच फोन लावायचे, अगं, तुझ्या बिल्डिंगचं नाव काय गं? तिकडून ती बिचारी घाबरून विचारायची, का रे, काय झालं? कोण गेलं? कित्येक भावाबहिणींचं वर्षांनंतरचं पहिलं बोलणं माझ्या टेबलाशी झालंय बघा."

या टेबलाशी दुसरेही बोलणे होते, आणि ते इतके निष्पाप नसते. 'हक्कसोड' हा दस्तऐवज दुय्यम निबंधकापुढे नोंदवावा लागतो. बहिणीने आपला हिस्सा मोबदला न घेता भावांच्या लाभात सोडावा, भावांनी तिला साडीचोळी करावी, आणि सर्वांनी मिळून तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या खानावळीत जेवून घरोघर जावे, अशी ही रीत महाराष्ट्रात सर्वत्र आहे. सही न करणाऱ्या बहिणीचे माहेर तुटते असे भाऊ म्हणत नाहीत. तसे म्हणावे लागत नाही, तिला ते ठाऊक असते. ज्या बहिणी माहेर राहावे म्हणून सही करतात त्यांचा व्यवहार, माझ्या मते, पुष्कळदा उलटा पडतो : सहीपर्यंत तिच्याकडे भावांच्या खेपा होत असतात, आणि सही झाल्यावर त्यांना तिच्याकडे जाण्याचे काही कारण राहत नाही.

ताईंपुढे तो कागद वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी ठेवण्यात आला. ठेवला भाऊंनी, दादांनी नव्हे. धाकट्याने सिडनीच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून मुखत्यारपत्र पाठवून आपल्याकडून मोकळीक दिलीच होती. ताईंनी सही केली नाही. इंदुरास त्यांची दोन घरे आहेत, मुलगा चांगल्या नोकरीत आहे, चार कुणग्यांतील चौथा हिस्सा घेऊन त्यांनी करावयाचे काय, असा सर्वांस अचंबा वाटला, आणि वर्षभर डोंबिवली व इंदूर यांमध्ये शब्दही गेला आला नाही. कारण त्यांनी मला सांगितले, भावांना तेव्हा सांगितले नव्हते. "सही केली की मी पाहुणी. पाहुणीला कोणीतरी बोलवावं लागतं. खातेदाराला निदान नोटीस तरी येते."

या प्रकारच्या वादास आपल्या इतिहासात एक थोर उदाहरण आहे, आणि ते वाटणीच्या तंट्याचे म्हणून नेहमी सांगितले जाते, नाते राखल्याचे म्हणून क्वचितच. शहाजीराजे १६६४ च्या जानेवारीत कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून मृत्यू पावले. थोरले शिवाजीमहाराज सह्याद्रीत, धाकटे सावत्र बंधू व्यंकोजीराजे दक्षिणेत. दोघांच्या मध्ये शेकडो कोसांचा मुलूख आणि त्याहून मोठे अपरिचयाचे अंतर. तेरा वर्षे गेली. १६७७ साली महाराज दक्षिणेच्या स्वारीत उतरले तेव्हा कोल्लिडम नदीच्या काठी तिरुमलवाडीस दोघांची भेट झाली, महाराजांनी वडिलांच्या दौलतीतील आपला अर्धा हिस्सा मागितला, आणि बोलणे फिसकटून व्यंकोजीराजे एका रात्री नदी उतरून तंजावरास निघून गेले. पुढे लढाई झाली. तीत महाराजांकडून लढणारे संताजी हेही शहाजीराजांचेच पुत्र. पण या कथेतील मला मोलाचा वाटणारा भाग लढाईनंतरचा आहे. व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांनी मध्ये पडून पतीला समेटास राजी केले, एकोणीस कलमांचा तह झाला, आणि त्यात महाराजांनी बंगळूर वगैरे प्रांत दीपाबाईंस चोळीबांगडीसाठी म्हणून दिला. मिळविलेला मुलूख परत करावयाचा, पण तो भावाच्या हाती न देता भावजयीच्या नावे करावयाचा, यातील मर्म राजकारणाच्या इतकेच घरच्या शहाणपणाचेही आहे. त्यानंतर व्यंकोजीराजे विरक्त होऊन राज्यकारभारात लक्ष घालीनासे झाले तेव्हा, आयुष्याच्या अखेरच्या काळात, महाराजांनी त्यांना कानउघाडणीचे आणि धीराचे जे पत्र लिहिले त्यात वडीलभाऊ बोलतो, राजा बोलत नाही. वाटणीचा तंटा उपस्थितच झाला नसता तर हे पत्र लिहिण्याइतकी ओळख त्या दोघांत झाली असती काय, याची मला शंका वाटते.

याचा अर्थ भावंडांनी तंटे करावेत असा कोणी घेऊ नये. कोर्टात वीस वीस वर्षे चाललेले वाटपाचे दावे, दोन्ही पक्षांच्या केसांबरोबर पिकलेले, मला ठाऊक आहेत. आणि काही घरांत भावाने बहिणीला किंवा थोरल्याने धाकट्याला असे वागविलेले असते की दूर राहणे हेच पथ्य होय. तेथे नाते राखण्याचा उपदेश करणारा मनुष्य बहुधा त्या घरात राहिलेला नसतो. माझे म्हणणे एवढेच, की आईच्या मागे भावंडांना एकत्र ठेवावयास प्रेम पुरत नाही. प्रेम असूनही माणसे सुटतात. त्यांच्यामध्ये काहीतरी अपुरे, सामाईक, हिशेबाचे असे राहिले पाहिजे, ज्याच्यासाठी एकाने दुसऱ्याला विचारल्यावाचून पुढे जाता येणार नाही. म्हणून आई गेल्याबरोबर सारे साफ वाटून मोकळे होण्याची जी घाई हल्ली शहाणपणाची मानली जाते तिच्याविषयी मला फारसा आदर नाही. त्या निवृत्त अव्वल कारकुनांनी सांगितले, की जुनी माणसे खातेफोड करताना जमीन हात हात मोजून घेत, पण विहीर मात्र वाटीत नसत; सातबाऱ्याच्या इतर हक्कांत 'विहिरीत चौथा हिस्सा' अशी नोंद ठेवून देत. पाणी काढावयाची पाळी ठरवावयास तरी चौघांना बोलावे लागे.

व्हॉट्सॲपच्या कुटुंबसमूहाने ही गरज भागते असे धाकट्याचे मत होते. समूह त्यानेच काढला, आईच्या तेराव्याच्या रात्री, विमानतळाच्या वाटेवर. दोन वर्षे तेथे रोज पहाटे एक सूर्योदय येत राहिला. सिडनी साडेचार-साडेपाच तास पुढे असल्यामुळे धाकट्याचा सूर्योदय सर्वांच्या आधी येई. नातवंडांची छायाचित्रे येत, परीक्षांचे गुण येत, एकादशीला विठ्ठल येई. सर्वांस सर्वांचे सर्व कळत होते आणि त्यामुळे कोणी कोणास काही विचारीत नव्हते. दादांना हृदयविकाराचा सौम्य झटका येऊन रत्नागिरीस ठेवावे लागले तेव्हा ही बातमी समूहावर आली नाही. वहिनींनी ती इंदुरास फोन करून ताईंना सांगितली, वर्षभर मौनात असलेल्या ताईंनी डोंबिवलीस, आणि डोंबिवलीहून ती सिडनीस गेली. मजकूर मात्र या वेळी कोणी पारखला नव्हता. "आई असती तर म्हणाली असती, दादाला जरा अपचन झालंय," भाऊ म्हणाले. त्या पंधरवड्यात चौघे जितके बोलले तितके त्यापूर्वी कधी बोलले नव्हते, आणि त्यातले निम्मे बोलणे भांडणाचे होते : दादांनी बागेत राबणे बंद करावे की नाही, बाग खंडाने द्यावी की नाही, दिली तर कोणास.

बाग अद्याप दिलेली नाही. हक्कसोडीचा कागद भाऊंच्या कपाटात कोरा पडून आहे. फेरफार मात्र झाला. सातबाऱ्यावर आता चार नावे आहेत, आणि धाकट्याच्या नावात एक वेलांटी चुकल्यामुळे त्याच्या दुरुस्तीचा अर्ज दादांनी दिला आहे.

गणपतीचे प्रकरण त्यानंतर निघाले. या घरात गणपतीचा खर्च व यजमानपण भावांत पाळीने फिरते. तीन भाऊ, तीन वर्षांची पाळी. धाकट्याची पाळी आली की तो पैसे पाठवी आणि पूजेस दादाच बसत, हे सर्वांच्या अंगवळणी पडले होते. ताईंनी गेल्या माघात फोन करून सांगितले की सातबाऱ्यावर चार नावे असतील तर पाळ्याही चार असल्या पाहिजेत, आणि पुढची पाळी आपली. भाऊंनी शास्त्राचा प्रश्न काढला. गुरुजींना विचारले तेव्हा त्यांनी कानावरचे जानवे सारखे करीत, पूजा जावईबापूंनी केली तरी चालेल, मूर्ती कोणी आणली हे गणपती विचारीत नाही, असा निकाल दिला. त्यांना पाच दिवसांच्या दक्षिणेची खात्री हवी होती, ती ताईंनी जागच्या जागी दिली. दादा म्हणाले, "येऊ दे तिला. खर्चाला एक वाटेकरी वाढला, बरंच झालं."

तेव्हापासून फोन थांबलेला नाही. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते, त्या सकाळी कोणी संगणकापुढे बसावयाचे यावर इंदूर व डोंबिवली यांत एक चकमक झाली. ताईंना मखर इंदुरातील कारागिराकडून करवून आणावयाचे आहे. दादांचे म्हणणे की घरच्या माळ्यावरची लाकडी चौकट असताना हा उधळेपणा कशाला. भाऊ दोघांच्याही बाजूने बोलतात, त्यामुळे दोघेही त्यांच्यावर रागावले आहेत. धाकट्याने प्रथमच रजा मागितली आहे आणि सिडनीहून येताना मुलांना सोवळे म्हणजे काय हे कसे समजावून सांगावे असे तो वहिनींना रोज विचारतो. वहिनींनी पाच दिवसांच्या मोदकांसाठी तांदूळ धुऊन, वाळवून, पिठी करून ठेवावयाची की ताई इंदूरची पिठी आणणार, एवढाच मुद्दा त्यांच्या दृष्टीने शिल्लक आहे. आणि त्या बाबतीत, त्यांनी मला बजावून सांगितले, वन्संचे काही एक ऐकले जाणार नाही.